सात नारळांचा लवू

सुगंधा ही काटेवाल्याची मुलगी. तिचे वडील तुकाराम रेडीच्या बंदरावर खनिजाच्या पाट्या तोलायचे. माल पडावात चढण्याआधी प्रत्येक पाटी त्यांच्या काट्याखालून जायची. मुकादम ओरडो की तांडेल घाई करो, तुकारामांची नजर काट्यावरून हलायची नाही. "काटो कोणाचा तोंड बगणा नाय गो," ते मुलीला सांगायचे, "म्हणान तेच्यार इस्वास." सुगंधा मराठी सातवी पास झाली, लग्न होऊन मालवणला आली. नवरा मुंबईला नोकरीवर, वर्षातून एकदा शिमग्याला घरी. पदरात एक मुलगी, जानकी. या सगळ्या संसारात बापाचं ते वाक्य मात्र तिनं माहेरच्या भांड्यांबरोबर जपून आणलेलं होतं. आणि पुढं ज्या कामानं तिच्या जिवाला घोर लावला, ते कामही काट्याचंच निघालं.

साठ सालच्या मार्गशीर्षात मुंबईच्या किनारा बालसेवा मंडळानं खडपवाडीत दूध केंद्र उघडलं. खडपवाडी म्हणजे मालवणच्या दक्षिणेला काळ्या खडपाला, म्हणजे कातळाला, चिकटून बसलेली मच्छीमारांची साठएक घरं. एका मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपीत, केंद्र. मांगराच्या वाशाला स्प्रिंगचा काटा टांगलेला, काट्याला कापडाची झोळी, आणि कोपऱ्यात भुकटीचे डबे. भुकटी मोजून तीस मुलांपुरती. सुगंधा तिथली सेविका झाली. रोज सकाळी दूध कालवून पाजायचं आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक मूल झोळीत घालून वजन वहीत लिहायचं, एवढंच काम.

मंडळाचा नियम असा, की प्रत्येक वयाला वजनाची एक रेघ. रेघेखालचं मूल केंद्रात घ्यायचं. लागोपाठ दोन महिने ते रेघेवर दिसलं, की नावापुढे 'सुधारले' लिहायचं, नाव कमी करायचं आणि त्या जागी दुसरं उपाशी मूल घ्यायचं. आणि वजन झाल्याशिवाय पुढच्या महिन्याचं दूध नाही. नियम वाचून सुगंधाला बरंच वाटलं होतं. नाहीतर दान कुठं जातं कुणाला कळतं?

वाडीतल्या बायकांना मात्र हे टांगणं बघवेना. पहिल्याच सोमवारी हिरानं भांडण काढलं. हिरा व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे राहणारी, पंचविशीतली, डोक्यावर पाटी घेऊन मालवणच्या बाजारात मासळी विकणारी बाई. कडेवर तिचा लवू, तेव्हा सात महिन्यांचा.

"काय गो बाय, माझ्या झिलाक बांगड्यासारख्या टांगूक हाडलंस?"

"वजन करूचा आसा गो. दुसरा काय नाय."

"बांगड्याक पण आमी काट्यार घालणव नाय. वाटो लावतो नि इकतो. तुझ्या मुंबैकारांका सांग, हिराच्या झिलाचो वाटो बरो भरलो हा."

बायका खिदळल्या. सुगंधाही हसली. पण वाटा बरा भरलेला नव्हता. काटा दहा पौंडांवर थांबला. चैत्रात तो अकरावर आला तेव्हा लवू बसायला लागला होता, आणि केंद्रात आल्यावर सुगंधाच्या बांगड्या पकडून ओढायचा.

मग पाऊस लागला. होड्या खडपावर ओढून झावळ्यांखाली गेल्या. खडपवाडीत नारळी पुनवेपर्यंत समुद्र बंद, म्हणजे चूलही अर्धी बंद. सुकी मासळी संपली की उकड्या तांदळाची पेज आणि पेजेत मीठ. ज्येष्ठाच्या सोमवारी सुगंधानं तीस वजनं घेतली आणि सव्वीस उतरलेली निघाली. कुणाचं पाव पौंड, कुणाचं अर्धा. लवू तापानं फणफणलेला, जुलाबानं गळालेला, साडेदहावर आला होता.

आठ दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. लिहिणारे चिटणीस गुरुदास मूळचे मालवण तालुक्यातलेच, शब्द मऊ होते. 'सहा महिने झाले. एकही नाव सुधारले या रकान्यात नाही. देणगीदार फळ विचारतात. श्रावणापर्यंत चढते वजन दिसले नाही तर केंद्राचा फेरविचार करावा लागेल.'

सुगंधानं पत्र तीनदा वाचलं. पावसाळ्यात दर्यावरच्या घरातलं मूल चढत नसतं, टिकतं, हे मुंबईला सांगायचं कसं? रकाने दोनच होते. चढ आणि उतार.

आषाढात व्हाळाला पाणी आलं. पलीकडच्या चार घरांतल्या पोरांना रोज आणणं शक्य नव्हतं, म्हणून सुगंधानं त्यांना आठवड्याची भुकटी घरी द्यायला सुरुवात केली. वजनाच्या सोमवारी मात्र यायलाच हवं. त्या सोमवारी भर पावसात, कांबळ्याच्या खोळीत पोर गुंडाळून हिरा आली. पोर झोळीत ठेवलं. काटा तेरावर गेला.

सुगंधानं काटा शून्यावर आणून पुन्हा बघितलं. तेरा. नेमकी त्याच्या वयाची रेघ.

"इतक्या कशान चडला गो?"

"तुझ्या दुधान," हिरा म्हणाली. नेहमीसारखी थट्टा नाही, काही नाही. पोराच्या कपाळभर काजळाचे तीट. महिन्यापूर्वी लवूचे केस तांबूस, सुकलेल्या काथ्यासारखे होते. आज काळेभोर, तेल निथळत होतं. सुगंधानं पाहिलं. 

"केस काळे झालेसे दिसतत."

"खोबरेल लायलंय."

दुसऱ्या बायका खोळंबल्या होत्या. पिशवीत मंडळाचं पत्र होतं. सुगंधानं पेन उचललं आणि चढाच्या रकान्यात, आठ महिन्यांत पहिल्यांदाच रेघेला पोचलेला, तेरा हा आकडा नीट वळण देऊन लिहिला. पोरानं तिची बांगडी धरली नाही, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. पण तेही तिनं गिळलं.

श्रावणात चौदा. सुगंधानं लवूच्या नावापुढे लिहिलं, 'सुधारले'. मुंबईहून उलट टपाली अभिनंदन आलं. चतुर्थीला गुरुदास स्वतः येणार होते. अहवालात त्या मुलाचा फोटो छापायचा होता.

नाव कमी झाल्यावर चौथ्या दिवशी हिरा मांगराच्या दारात उभी राहिली. एकटी.

"बाय, भुकटी?"

"अगो, लवू बरो झालो. तेची जागा आता जनीच्या पोराक दिलंय. तूच सांग, बऱ्या पोराक दूध देवचा की आजारी पोराक?"

हिरानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "खरा आसा तुझा." आणि गेली. सुगंधाला वाटलं, हीच हिरा एरवी अख्खा बाजार डोक्यावर घेते. आज एवढ्यावर कशी गेली? पण विचारायला ती दारापर्यंतही गेली नाही.

चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी गुरुदास आले. आंबोलीच्या घाटातून एसटीनं आलेले, गळ्यात कॅमेरा, हातात खेळण्यातली पत्र्याची होडी. "कुठाय आपला पैलवान?" म्हणाले. व्हाळाचं पाणी ओसरलं होतं. सुगंधा त्यांना घेऊन पलीकडे निघाली, हिराला कळवलेलं नव्हतं.

घरापुढच्या खळ्यात हिराची सासू काशीबाई जाळ्याची भोकं सांधत बसली होती. शेजारी हिराची जाऊ गंगू मांडीवर पोर घेऊन होती. गोल, तेलकट, काळ्या केसांचं पोर. सुगंधानं ते ओळखलं. दोन महिने तिनं तेच झोळीत घातलं होतं.

"हाच का?" गुरुदासांनी कॅमेरा काढला.

गंगूनं पोर पदराखाली घेतलं. "ह्यो माझो," ती म्हणाली.

"मगे लवू खंय आसा?" सुगंधानं विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला.

काशीबाईची नजर माजघराकडे गेली. सुगंधा आत गेली. माजघराच्या अंधारात हिरा भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या मांडीवर फडक्यात लवू. डोकं मोठं, मान बारीक. रडण्यासाठी तोंड वासलेलं होतं आणि आवाज येत नव्हता. सुगंधा खाली बसली. तिनं बोट पुढं केलं. लवूनं डोळे वळवले, हात उचलला नाही.

"ह्या काय केलंस गो?"

"काय करू होया होता?" हिरा म्हणाली. "जेठात ह्यो जातच होतो. सासू सातेरीक नवस बोलली, पोर उठलो तर जत्रेक नारळांनी तोलून देतंय. नवसाच्या पोराक देवीच्या आदी दुसऱ्या तराजवात घालूचा नसता. घातला तर देवी म्हणता, माका देवचो नाय तर मीच नेतंय. नि तुझा काय? काट्यार चडल्याबिगर भुकटी नाय. मगे मी गंगूचा पोर मागून हाडलंय. ती काय फुकट देतली? अर्धी भुकटी तिका."

"नि उरलेली?"

"घरात पाच तोंडा. पावसात. तूच सांग."

बाहेरून काशीबाई ओरडली, "आमचे झील पयल्यापासून बारीक हाडाचे! पोराक नजर लागात, भायर चला!"

सुगंधाला सगळं एकदम दिसलं, आणि सगळ्यात आधी दिसले ते केस. आषाढातल्या त्या सोमवारी तिनं फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, 'हिरा, ह्यो लवू न्हय.' काट्यानं खोटं सांगितलं नव्हतं. काट्यावर काय ठेवलंय ते बघणं हे माणसाचं काम, आणि ते तिनं केलं नव्हतं. का? तर तिलाही तो आकडा हवा होता.

गुरुदास दारातून सगळं बघत होते. त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला. परतताना व्हाळाच्या दगडांवर ते थांबले.

"ताई, तुम्हाला दोष देत नाही. पण अहवालाचा मजकूर छपाईला गेला आहे. अख्ख्या वर्षात रेघेवर पोचलेलं हे एकच नाव. ते खोटं निघालं, तर समिती केंद्र बंद करणार. तीस मुलं आहेत तुमच्याकडे."

"आणि हे मूल?"

"याला परत घ्यायचं तर रेघेखालचं वजन कागदावर हवं. ते असेल तर एकतिसाव्या नावाची भुकटी मी माझ्या जबाबदारीवर पाठवतो, हा माझा शब्द. पण ते वजन लिहिलंत की आधीची दोन खोटी ठरली." मग एकाएकी त्यांची भाषा बदलली. "बाय, मी पण हयसरचोच. माका काय बरा वाटता? पण थंय मुंबैत तेंका पोर दिसणा नाय, कागद दिसता."

 कॅमेरा काढताना गुरुदासांनी दिलेली पत्र्याची होडी सुगंधाच्याच हातात राहिली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना हातापाया पडून व्हाळापलीकडे नेलं. त्यांनी लवूच्या पोटावर हात ठेवला, पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "औषध काय देऊ? ह्याचं औषध दूध. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. आजपासून."

आजपासून! डब्यात मोजून तिसांची भुकटी. एकतिसाव्याला द्यायची तर तीस पेल्यांत पाणी घालायचं. सुगंधानं डब्यांचे तळ खरवडले, झाकणांना चिकटलेलं झाडून घेतलं. घरी जानकीच्या वाटचं गवळ्याचं पावशेर दूध गडूत ओतलं आणि चार वर्षांच्या जानकीला पेज दिली. जानकी विचारत होती, "आई, दूध कुठं गेलं?"  गडू घेऊन सुगंधा रोज व्हाळ ओलांडायची. तेवढ्यानं लवू जगत होता की फक्त जात नव्हता, हे तिला कळेना.

आणि हिरा वजनाला तयार नव्हती. "तू म्हणतंस ता खरा. पण देवीन नेलो तर तू हाडून देतलंस?"  जत्रा देवदिवाळीनंतर. अडीच महिने. डॉक्टर अडीच आठवड्यांचंही बोलले नव्हते.

शेवटी सुगंधाच म्हणाली, "मगे देवीकच इचारूया. जत्रेआदी नवस फेडूक दी म्हणान."

काशीबाईनं जाळं खाली ठेवलं. असं कधी कुणी विचारलं नव्हतं. पण विचारू नये असंही कुणी सांगितलं नव्हतं.

सातेरीचे गुरव दाजी. वय सत्तर, कानानं कमी, तोंडानं तिखट. "जत्रेचो नवस भादव्यात?" ते म्हणाले. "उद्या शिमगो दिवाळीक करश्यात." पण मग त्यांनी लवूकडे बघितलं. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.  लवूच्या नाकावर माशी बसली होती, ती उडवायलाही हिरा हलली नाही.

डावी पडली.

"आट दिस थांबा," दाजी म्हणाले. "एकच गोष्ट देवीक रोज रोज इचारूची नसता."

ते आठ दिवस कसे गेले ते सुगंधालाच ठाऊक. सकाळी केंद्र, मग गडू, मग घर. वाटेत कुणी बाई समोरून आली की ती थबकायची, ही आता काय सांगते. या दिवसांत तिनं आणखी एक गोष्ट केली. वाडीतल्या प्रत्येक घरी बसून विचारलं, मागच्या पावसात, केंद्र नव्हतं तेव्हा, किती पोरं गेली? बायका बोटांवर मोजत सांगत होत्या. आमचो एक. आमचा चेडू, गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिशी. सगळी मिळून पाच झाली, आषाढ ते आश्विन. आणि या पावसात? बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. या पावसात एकही नाही. अजून तरी नाही.

नवव्या दिवशी पुन्हा देवळात. दाजींनी खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बाये सातेरी, ह्या तुझा लेकरू, हेच्या आवशीन आजयेन नवस बोललो हा, तो येळेआदी फेडूक इले हत, तर तू रागावा नको, समजून घी, नि पोराक सुखरूप राख." "व्हय म्हाराजा," काशीबाई पुटपुटली. पाकळ्या लावल्या.

बराच वेळ काहीच पडलं नाही. मग उजवी पडली.

देवीचा तराजू पेटाऱ्यातून निघाला. पितळी पारडी, काळ्या पडलेल्या साखळ्या. काशीबाईनं सोललेले पंधरा नारळ टोपलीत आणले होते. वर्षाच्या पोराला पंधरा तरी लागतातच, तिच्या मुलाला, म्हणजे लवूच्या बापाला, सोळा लागले होते, ती गावाला सांगायची. हिरानं लवूला फडक्यासकट पारड्यात ठेवलं. काशीबाई समोरच्या पारड्यात एकेक नारळ ठेवू लागली.

एक. दोन. तीन. चौथ्याला लवूचं पारडं हललं. पाच, सहा. सातवा ठेवला आणि दोन्ही पारडी सरळ झाली.

काशीबाईच्या हातात आठवा नारळ होता. ती तो ठेवायला वाकली.

"पुरे गो," दाजी म्हणाले. "झाला."

"सातच?"

"सात."

काशीबाईनं टोपलीत बघितलं. हातातला धरून आठ नारळ उरले होते. एवढे दिवस सुगंधानं तिला पौंड सांगितले होते, रेघ सांगितली होती, डॉक्टर आणून उभे केले होते. 'बारीक हाडाचो' यापलीकडे ती सरकली नव्हती. आता ती त्या आठ नारळांकडे बघत खाली बसली आणि तिनं कपाळ बडवून घेतलं.

"अगो हिरा, माझो नातू अर्ध्याहून कमी उरलो गो! माका आंधळीक कोणीच कसा सांगूक नाय!"

सुगंधानं काटा सोबत आणला होता. देवळाच्या पायरीजवळ फणसाच्या फांदीला तो टांगला. या वेळी हिरानं स्वतःच्या हातानं लवूला झोळीत घातलं. साडेनऊ. सुगंधानं झोळीतल्या मुलाचं तोंड नीट बघितलं, केस बघितले, कान बघितले. मग लिहिलं.

त्याच दुपारी तिनं वहीतले तेरा आणि चौदा खोडले. बाजूला लिहिलं, 'ही वजने दुसऱ्या मुलाची आहेत. चूक सेविकेची. तिने मूल नीट पाहिले नाही.' 'सुधारले' हा शब्दही खोडला. आणि मंडळाला पत्र लिहिलं, त्यात पाच घरांची नावं घातली, मागच्या पावसात कुणाचं मूल कोणत्या तिथीला गेलं ते लिहिलं, आणि खाली लिहिलं, 'या पावसात खडपवाडीत एकही मूल दगावले नाही. दूध नसते तर काय झाले असते, ते मागच्या वर्षाने सांगितले आहे. हे फळ कोणत्या रकान्यात लिहू ते कळवावे.'

गुरुदासांनी शब्द पाळला. एकतिसावी भुकटी बाराव्या दिवशी आली. लवू केंद्रात यायला लागला. चमच्यानं दूध पाजायचं, निम्मं बाहेर यायचं, पुसून पुन्हा पाजायचं. गंगूनं दोनदा विचारलं, माझ्या पोराचा काय? त्याचं वजन रेघेवर होतं, त्याला देता येईना. ती हिराशी बोलायची बंद झाली.

समितीचं उत्तर कार्तिकात आलं. सेविकेच्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे. मागील वर्षाची लेखी नोंद नसल्याने तुलना ग्राह्य धरता येत नाही. वर्षभरात एकही मूल सुधारले नसल्याने केंद्र मार्गशीर्षअखेर बंद करण्यात येत आहे. खाली गुरुदासांच्या अक्षरात एक ओळ होती, 'मी विरोध नोंदवला.'

सुगंधानं पत्र वहीत ठेवलं. बाहेर पहिला सोमवार होता आणि बायका ओळीनं बसल्या होत्या. होड्या पुन्हा दर्यात गेल्या होत्या, पाट्यांना ताज्या मासळीचा वास होता. तीस पोरांची वजनं झाली. कुणी पाव पौंड वर, कुणी तिथंच. शेवटी हिरा.

लवूला झोळीत घातलं. काटा डुलला, थांबला. साडेनऊ.

"वर गेलो?" हिरानं विचारलं.

"नाय."

"मगे खाली?"

"खाली पण नाय. होतो थंयच आसा."

हिरा काट्याकडे बघत राहिली. तिला आकडे येत नव्हते, पण काटा मागच्या वेळी कुठल्या खुणेवर होता ते तिनं नखानं ओरखडा काढून ठेवलं होतं. काटा त्याच ओरखड्यावर होता.

"महिनोभर सहा सहा येळा पाजून थंयच?"

"डॉक्टर म्हणतत, येळ लागतलो. चार पाच म्हयने."

"चार पाच म्हयने पाज. मी रोज हाडतंय."

आता गप्प राहता आलं असतं. आषाढात राहिली होतीच. सुगंधानं लवूला झोळीतून काढून छातीशी धरला आणि म्हणाली, "हिरा, फुडल्या म्हयन्याच्या अखेरीक केंद्र बंद जातला. मुंबैसून पत्र इला हा. त्या मागसून दूध नाय."

 हिरानं सुगंधाकडे बघितलं, मग डब्यांकडे, मग वाशाकडे.

"नि ह्यो काटो?"

"काटो नेतीत की नाय, ठाऊक नाय."

"ऱ्हवलो तरी काय करू?" हिरा म्हणाली. "दूध नसताना काटो काय चाटूचो?"

कुणी हसलं नाही. सुगंधानं उरलेले दिवस बोटांवर मोजले. चोपन्न दिवस. दिवसाला सहा वेळा. तिनं पेल्यात भुकटी घेतली, कोमट पाणी घातलं, गुठळी राहू नये म्हणून बराच वेळ ढवळलं आणि पहिला चमचा लवूच्या ओठांना लावला. त्यानं गिळलं. दुसरा बाहेर आला. तिनं पदरानं त्याची हनुवटी पुसली. वाकताना तिच्या बांगड्या खळकन पुढं आल्या. लवूचा हात फडक्यातून निघाला, हवेत थोडा चाचपडला आणि त्याची दोन बोटं तिच्या बांगडीत अडकली. ओढायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

सुगंधानं हात हलवला नाही. डाव्या हातानं तिसरा चमचा भरला.